उसनी मनगटं

शबानाचा फोन आला तेव्हा मी चंद्रपुरात बहिणीकडे होते. थंडीची सकाळ होती, अंगणातली शेकोटी विझत आली होती आणि मी चहाचा कप घेऊन तिच्यापाशी बसले होते. "कुसुमचाची, अम्मीले पहाटे पुन्हा लकवा मारला," ती म्हणाली. मी ताबडतोब विचारलं, "कोणता हात?" दुसरं काही मला सुचलंच नाही. गेलं दीड वर्ष आम्ही सगळ्याजणी हमीदाबीच्या त्या एका हाताभोवतीच बसून होतो... शबाना म्हणाली, "हात नाई, चाची. अम्मीच गेल्या."

राजुऱ्याला जाणारी बस वर्धा नदीच्या पुलावर कोळशाच्या ट्रकांमागे अडकली, तेव्हा मला पहिल्यांदा रडू आलं. पोचले तर जनाजा निघायच्या बेतात होता. सलीम, तिचा मुलगा, दारात उभा होता. मला बघून त्यानं नुसती मान हलवली. पुरुष तिला घेऊन गेले आणि आम्ही बायका आतल्या खोलीत सतरंजीवर बसून राहिलो. तेवढ्यात शेजारची एक बाई, चांगल्या मनाची आहे, पण बोलायला नको तिथे बोलते, म्हणाली, "दीड साल एवढी कसरत केली बिचारीनं. काय फायदा झाला? जे व्हायचं तेच झालं." बाकीच्यांनी हं हं केलं. मी काही गरीब स्वभावाची बाई नाही. नवरा खाणीत वारल्यावर त्याच्या जागी मला नोकरी लागली आणि खाणीच्या ऑफिसात मी मोठमोठ्या साहेबांना ऐकवलेलं आहे. पण मयताच्या घरी भांडायचं नसतं. मी ओठ मिटून बसले आणि घरी आल्यावर रात्रभर तिला मनातल्या मनात उत्तरं देत राहिले. त्यातलं जे नीट आठवतं ते इथे लिहिते आहे.

हमीदाबी राजुऱ्याच्या बाजारातली चुडीवाली. जुन्या बसस्टँडकडून बाजारात शिरलं की डाव्या हाताला तिचं दुकान. दुकान कसलं, एका खाटेएवढी जागा. मागच्या भिंतीला दांड्यांवर ओवलेल्या काचेच्या बांगड्या आणि पुढे बसायला चटई. तिची सासूही तिथेच बसून बांगड्या भरायची. नवरा लवकर वारल्यावर हमीदाबीनं स्वतःचे हात मोकळे केले आणि गावाचे भरत राहिली. बांगडी भरणं हे बघणाऱ्याला सोपं वाटतं. ती तुमचा हात डाव्या हातात घ्यायची, अंगठा तळव्यात दुमडायची, त्याच्या बुडाचं हाड हळूहळू चेपून नरम करायची, आणि उजव्या हातानं बांगडी अशी सरकवायची की ती मनगटावर आल्यावरच कळावं. दुखेल या भीतीनं बाया हात ताठ करतात, मूठ वळतात. मग ती म्हणायची, "हात ढिला सोड ना, माय. माह्या हातात दिला ना? मग आता तो माहा हाय." आणि हात खरंच सुटायचा. हाडापाशी अडणारच असं वाटेल इतकी बारीक मापाची बांगडी ती जाड हातात चढवायची आणि वर विचारायची, "दुखलं का?"

मी लग्न होऊन राजुऱ्यात आले तेव्हा माझा पहिला चुडा तिनंच भरला. आणि माझे यजमान गेले त्या दिवशी बाया माझ्याभोवती जमल्या, कोणीतरी वरवंटा आणला, तेव्हाही ती तिथे होती. आम्ही बौद्ध. जुन्या रीती टाकल्या असं आम्ही स्टेजवरून सांगतो आणि ते खरंही आहे, पण मरणाच्या दारात घरातल्या म्हाताऱ्या बाया कोणाचं ऐकत नाहीत. हमीदाबीनं वरवंटा बाजूला सारला. "फोडू नका. हात कापन तिचा," म्हणाली, आणि साबणाचं पाणी मागून घेऊन तिनं एकेक बांगडी अलगद उतरवली, जशी चढवली होती तशी. त्या दिवसाचं मला फारसं काही आठवत नाही. तिच्या हाताचा तो ओला, साबणाचा स्पर्श मात्र आठवतो. त्यानंतर मी तिच्या दुकानात बसायला जायची. बांगड्या भरायला नाही, नुसती बसायला. तिथूनच आमची मैत्री झाली.

तिला पहिल्यांदा लकवा मारला तो मे महिन्यात, आठवडी बाजारात. आमच्याकडच्या मे महिन्याबद्दल बाहेरच्या माणसाला सांगून कळत नाही. त्या दिवसांत राजुऱ्यात माणसाला काहीही झालं, चक्कर आली, उलटी झाली, कोणी उगाच भांडलं तरी, सगळे एकच म्हणतात, ऊन लागलं. मी त्या दिवशी तिथे नव्हते, पण असते तर मीही तेच म्हटलं असतं. एका बाईचा हात धरलेला असताना हमीदाबीच्या बोटांतून बांगड्या निसटल्या. ती उचलायला वाकली आणि बाजूला कलंडली. बोलणं बोबडं झालं. लोकांनी तिला निंबाखाली नेलं, डोक्यावर ओला टॉवेल टाकला, तळपायांना कांदा चोळला, पन्हं पाजलं. पन्हं तोंडाच्या उजव्या कोपऱ्यातून ओघळून बाहेर आलं, तेही कोणाच्या ध्यानात आलं नाही. ऊन उतरल्यावर बरं वाटेल म्हणून सगळे ऊन उतरायची वाट बघत राहिले... ऊन उतरलं आणि ती तशीच होती, तेव्हा सलीमनं गाडी केली. चंद्रपूरच्या दवाखान्यातला डॉक्टर रागावला नाही. एवढंच म्हणाला, "ऊन लागलं तर माणूस एका बाजूनं पडत नाही. तोंड एकीकडे वाकडं झालं, एक हात गळाला, जीभ जड झाली, तर थांबायचं नसतं." हे वाक्य मी मुद्दाम लिहिते आहे. उन्हाळा येतोच आहे.

ती घरी आली ती उजवा हात पोटाशी घेऊन, मूठ आवळून. पाय ओढत का होईना पण उठायचा. हात मात्र मेल्यासारखा. आणि मग सुरू झालं घरच्यांचं प्रेम. शबानासारखी सून मी पाहिली नाही. ती तिला भरवायची, केस विंचरायची, ओढणी सावरायची, कूस बदलून द्यायची. ग्लासाकडे डावा हात जायच्या आधी ग्लास तोंडाशी यायचा. सलीमनं कोणाचं ऐकून एक रबरी चेंडू आणला, हातात ताकद यावी म्हणून. हमीदाबी दिवसभर तो चेंडू दाबत पडलेली असायची. तेलंगणातून कोणाचं तरी तेलही आलं. मी गेले की शबाना कौतुकानं सांगायची, "चाची, आता अम्मी कसा घट्ट पकडते बघा." आणि खरंच, तिच्या मुठीतून चेंडू काढायला मला जोर लावावा लागला.

मग मृणाल आली. चंद्रपूरची व्यायाम देणारी डॉक्टर, वयानं माझ्या भाचीएवढी, राजुऱ्याच्या एका दवाखान्यात आठवड्यातून काही दिवस यायची. सलीमनं तिला घरी आणलं. तिनं सगळ्यात आधी चेंडू मागून घेतला. "मूठ वळायला यांना शिकवायची गरजच नाही," ती म्हणाली, "ती आपली आपण वळते आहे. शिकवायचं आहे ते उघडायला." दुसरं काम तिनं केलं ते शबानाला खोलीबाहेर बसवण्याचं. तिला सांगितलं, पाणी हवं तर त्या उठतील, सांडलं तर सांडू दे, पडणार नाहीत एवढं फक्त बघा. शबाना स्वयंपाकघरात जाऊन रडली. मृणालचे व्यायाम दिसायला अगदी किरकोळ होते. खाटेच्या काठावर बसायचं, आजारी हाताची बोटं एकेक करून उलगडायची, तळवा खाटेवर सपाट ठेवायचा आणि त्याच्यावर अंगाचा भार टाकायचा. दोन्ही हातांनी फडकं धरून टेबल पुसायचं. खुर्चीतून उठायचं, बसायचं, पुन्हा उठायचं. रिकामा ग्लास इथून उचलून तिथे ठेवायचा, आणि ठेवल्यावर सोडायचा. सोडणं हेच जमायचं नाही. बोटं ग्लासाला धरून बसायची आणि हमीदाबी त्यांच्याकडे असं बघायची जसं कोणी परक्याच्या हट्टी पोराकडे बघतं.

महिनाभर तिनं मुकाट्यानं केलं. मग एका दुपारी मी गेले तर ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. बोलणं बरंच सुधारलं होतं, पण एकेक शब्द ओढून आणावा लागायचा. "कुसुमबाई... त्या पोरीले सांग... येऊ नको म्हना. टेबल पुसवते मले. ग्लास ठेव... उचल... ठेव. लहान लेकरू हाये का मी?" मी म्हटलं, अगं, हातासाठीच ना? ती माझ्याकडे वळली. "हात कोनासाठी... थे सांग मले आधी." खाऊ घालायला सून होती, दुकान सूनच बघत होती. बांगड्या भरायच्या नसतील तर तो हात तिला खरंच कशाला हवा होता?

मृणाल आली तेव्हा मी तिला हे सांगितलं. मला वाटलं होतं ती समजावेल, रागावेल. ती खाटेजवळ खाली बसली आणि विचारलं, "चाची, हा हात आधी काय करत होता?"

"चुडी भरे."

"मग तेच करू. बांगड्या आणा."

शबानानं दुकानातून उरल्यासुरल्या, जोडी मोडलेल्या बांगड्यांचा डबा आणला. मृणालनं बाटली पुढे केली. हमीदाबीनं बाटलीवर बांगडी चढवली, काढली, चढवली, आणि वैतागून बाटली बाजूला ढकलली. "बाटलीले अंगठा नसते," म्हणाली. मी त्या आजारपणात तिला पहिल्यांदा चिडलेली पाहिली आणि मला बरं वाटलं. शबाना पुढे आली, ओढणीचं टोक मागे सारून तिनं हात दिला. हमीदाबीनं डाव्या हातात तो धरला, अंगठा दुमडला, चेपला. ते सगळं तिच्या अंगात होतं, ते कुठे गेलं नव्हतं. उजव्या हातानं, मृणालच्या आधारानं, बांगडी बोटांवरून आत आणली. हाडापाशी आली आणि तिची बोटं अचानक आवळली. बांगडी फुटली. शबानाच्या हातावर एक बारीक लाल रेघ उमटली, एवढंच झालं. पण हमीदाबीनं शबानाचा हात असा झटकला जसा काही चटका बसला. "तू नको!" ती ओरडली, इतकं स्वच्छ की लकवा मारल्यापासून तसं बोलली नव्हती. "तुहा नवरा माहा पोरगा हाय!"

हे राजुऱ्याबाहेरच्या वाचकालाही समजावून सांगावं लागणार नाही. सवाष्णीच्या हातात बांगडी फुटणं आपल्याकडे कोणाला आवडत नाही, आणि चुडीवालीच्या हातून फुटणं तर त्याहून नाही. तिनं उभं आयुष्य त्याच धाकात काम केलं होतं. पुढचे काही दिवस गल्लीतल्या बाया यायच्या, विचारपूस करायच्या, डबा द्यायच्या, आणि बांगड्यांचा डबा दिसला की हात पदराखाली घ्यायच्या. त्यांना दोष कोण देणार? हमीदाबीही त्यांच्याकडे हात मागत नव्हती. मृणालला मात्र काही कळेना; एवढ्या बाया घरात येतात आणि एक मनगट मिळत नाही!

मी एके दिवशी वांगी घेऊन गेले होते. ती ओसरीवर बसली होती, मांडीवर डबा, आणि डाव्या हातानं उजवी बोटं उलगडत होती. मी पिशवी खाली ठेवली, तिच्यासमोर बसले आणि डावा हात पुढे केला. तिनं बघितलं, मान हलवली. मी म्हटलं, "घे. माझं काय फुटायचं राहिलंय?" ती माझ्याकडे बघतच राहिली... मग तिनं हात घेतला. कितीतरी वर्षांनी कोणीतरी माझ्या हाताचं हाड असं चेपत होतं. पहिली बांगडी फुटली. आम्ही दोघींनी तिच्याकडे पाहिलं. वर आभाळ होतं तिथेच होतं, गल्लीतून भंगारवाला ओरडत चालला होता. "दुसरी घे," मी म्हटलं. दुसरीही फुटली. तिसरी मनगटावर आली तेव्हा हमीदाबीला घाम फुटला होता.

मी गिरजाबाईला सांगितलं. ती माझ्या घरामागे राहते, विधवा, वयानं आमच्याहून मोठी, मनगटं काड्यांसारखी. तिनं लक्ष्मीला आणलं. लक्ष्मीचा नवरा ठेकेदाराकडे ट्रक चालवायचा, अपघातात गेला. पोरगी तिशीचीही नसेल, मूळची तेलंगणातली. दुपारी जेवणं आटोपली की आम्ही तिघी हमीदाबीच्या ओसरीवर जमायचो आणि आळीपाळीनं डावा हात द्यायचो. उजव्याला घरी कामं असतात. मृणालला जेव्हा कळलं की या तिघीच का येतात, तेव्हा तिनं आमची तिन्ही मनगटं एकेक करून पाहिली आणि म्हणाली, "जाड मनगटाची कोणी नाही का?" आम्ही इतक्या हसलो की शबाना आतून बघायला आली.

ते काही खेळासारखं चाललं होतं असं मात्र कोणी समजू नये. हमीदाबीचा हात मध्येच आवळायचा आणि आमच्या हातांवर वळ उठायचे. पावसाळ्यात एकदा गिरजाबाईला चांगलंच लागलं, रक्त थांबेना. हमीदाबीनं डबा बंद केला आणि दोन दिवस कोणाचा हात घेतला नाही. तिसऱ्या दिवशी आम्ही गेलो तर तिनं आम्हाला उलटं बसवलं. "जनमभर डाव्यानं धरलं... उजव्यानं भरलं," म्हणाली. "आता उजव्याले धरू दे. डावा भरन." मृणालनं ऐकलं आणि म्हणाली की अवघड काम निवडलंत, चाची. चिरडून न टाकता धरायचं, आणि वेळेवर सोडायचं, यापेक्षा मोठा व्यायाम मीही देऊ शकले नसते. त्या दिवसापासून टेबल पुसणं, तळव्यावर भार देणं, खुर्चीतून उठणं हे सगळं हमीदाबी सकाळी स्वतःहून करायला लागली, आमच्या येण्याआधीची तयारी म्हणून. दुपारी तिचा उजवा हात आमच्या हाताखाली असायचा, थरथरत, आणि आता ती आम्हाला हात ढिला सोड म्हणत नव्हती, आम्हीच तिला म्हणायचो. निघताना ती सगळ्या बांगड्या उतरवून घ्यायची. उतरवणंही व्यायामच होता, आणि शिवाय आम्हाला त्या घालून घरी जायचं नव्हतं.

एका संध्याकाळी हमीदाबी बांगड्या उतरवायला लागली आणि लक्ष्मीनं हात मागे घेतला. "राहू दे ना, मौसी," म्हणाली. ऐकू येईल न येईल असा आवाज. हमीदाबीनं बांगड्या तशाच राहू दिल्या आणि डबा मिटला. दुसऱ्या दिवशी दुपारी लक्ष्मीची सासू ओसरीवर आली, हातात काठी, मागे मान खाली घालून लक्ष्मी. "काय करून राह्यल्या तुमी बाया? माह्या पोराले जाऊन अजून दोन वर्सं नाई झाली, आन् इचा हात भरता? लोक काय म्हनतीन?" मी उठलेच होते. मला त्या म्हातारीला पुष्कळ सांगायचं होतं. हमीदाबीनं मला हातानंच बसवलं. तिला बोलायला वेळ लागायचा, आणि त्या दिवशी सगळ्यांनी तो दिला.

"अम्मा... हा माहा हात. मेला होता. तुह्या सुनेनं हात देल्ला... म्हनून जित्ता झाला. लोक इचारतीन त सांग... चुडीवालीची दवा हाये." मग थांबून म्हणाली, "बस. तुहाबी हात दे."

म्हातारीनं स्वतःचा मोकळा हात झर्रकन पदराखाली घेतला. तिच्या डोळ्यांत मी जे पाहिलं त्याला राग म्हणता येणार नाही. तीही विधवाच होती. तिच्या हाताला कितीएक वर्षांत कोणी हात लावला नसेल. ती काठी टेकत निघून गेली. लक्ष्मीच्या हातातल्या बांगड्यांवरून पुन्हा कोणी काही बोललं नाही. त्यानंतर गिरजाबाई आणि मीही आमच्या उतरवून देईनाशा झालो. लोक बघायचे. बघू देत.

हे सगळं चाललं होतं तरी हमीदाबीच्या मनात एकच होतं, आणि ते तिनं मला उन्हाळ्याच्या तोंडावर सांगितलं. माझ्या बहिणीच्या मुलीचं, पल्लवीचं लग्न राजुऱ्यात, माझ्याच घरून करायचं ठरलं होतं. आमच्या लग्नात नवरी पांढरी साडी नेसते, पण आदल्या दिवशी हिरवा चुडा भरतातच. पल्लवीच्या आईचा चुडा हमीदाबीनं भरला होता. "पल्लवीचा मी भरन," ती म्हणाली. "रांडमुंड बाया तुमी... तुमच्या हातात फुटली त कोनी रडत नाई. नवरीचा हात भरला... तवाच मी चुडीवाली. नाई त नुसती कसरत." मी बहिणीला विचारलं. तिनं सरळ नाही म्हटलं, आणि तिच्या जागी मी आई असते तर काय केलं असतं ते मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. पल्लवीनं आतल्या खोलीतून ऐकलं. बाहेर येऊन म्हणाली, "हात माझा आहे ना? हमीदामौसीच भरणार."

मांडवात बायांची दाटी होती. हमीदाबी नवीन सलवार-कुर्ता घालून आली, शबानानं डबा उघडून ठेवला. तिनं उजव्या हातात पल्लवीचा हात घेतला, अंगठा दुमडला, डाव्यानं पहिली बांगडी सरकवली. वेळ लागत होता. एरवी अशा वेळी बाया टिंगलटवाळी करतात, गाणी म्हणतात. त्या दिवशी पंख्याचा आवाज ऐकू येत होता. एक हात भरून झाला. दुसरा हात घेतला. शेवटच्या दोन-तीन राहिल्या असतील... आणि हमीदाबीचा हात आवळला. काच तडकली. माझी बहीण तोंडाला पदर लावून आत निघून गेली. हमीदाबीनं पल्लवीचा हात सोडायचा प्रयत्न केला, तिला उठून जायचं होतं, आणि नेमका तेव्हा तिचा हात सुटेना. पल्लवीनं आपला हात ओढला नाही. तो तसाच ढिला ठेवून म्हणाली, "मौसी, दुसरी घ्या ना. माझी मेंदी वाळतेय." कोणीतरी हसलं. हमीदाबीची बोटं उलगडली. तिनं तुकडे ओंजळीत गोळा करून बाजूला ठेवले, दुसरी बांगडी घेतली, आणि चुडा पुरा भरला. मग ती ढसाढसा रडली. पल्लवी बल्लारशाला नांदते आहे, परवाच फोनवर नवऱ्याची तक्रार करत होती, अगदी कोणतीही नवी नवरी करते तशी.

तेव्हा, काय फायदा झाला विचारणाऱ्या बाईला माझं उत्तर हे आहे. तिचा जुना हात परत आला नाही. कुर्त्याचं बटण तिला शेवटपर्यंत लावता आलं नाही. दुसरा झटका यायचा होता तो गोळ्या चालू असतानाही आला. व्यायाम मरणाला अडवत नाही, असं मृणालही कधी म्हणाली नव्हती. पण ती स्वतःच्या हातानं जेवली. स्वतःचे केस विंचरले. दुकानात दुपारभर बसली, गिऱ्हाइकांना टोमणे मारले. ती मेली तेव्हा ती चुडीवाली होती, भिंतीकडे तोंड करून पडलेली कोणाची तरी आजारी सासू नव्हती. मी म्हणते, दीड वर्ष तर दीड वर्ष. तेवढं जगायला मिळावं म्हणून माणसानं टेबल पुसावं, ग्लास उचलावा, ठेवावा आणि सोडावा.

गेल्या आठवड्यात भांडी घासताना माझ्या डाव्या हातातली बांगडी नळाला लागून फुटली. तिनं भरलेल्यातली ती माझ्याकडची शेवटची होती. मला वाटलं होतं मी तुकडे जपून ठेवीन, डबीत वगैरे. पण मी ते केरात टाकले, हात पुसले आणि बाजारात गेले. दुकानात आता शबाना बसते. मी चटईवर बसले. तिनं माझा हात घेतला आणि मागे वळून दांड्यांकडे बघत सहज विचारलं, "कोणता रंग देऊ, चाची?"

ओसरीवर कोणी रंग विचारत नव्हतं, डब्यात जे निघेल ते. आणि त्याआधीची सगळी वर्षं तर... शबाना वळून माझ्याकडे बघायला लागली.

"हिरव्या दे," मी म्हटलं. आणि उजवा हातही पुढे केला.